फोनवरचा आवाज श्रोत्यांच्या कानाने कसा मोजायचा: कोल्हापुरात करता येईल अशी श्रवणचाचणी, पायरीपायरीने

समजा, एका दूध संस्थेला गावोगावच्या उत्पादकांसाठी हेल्पलाइन सुरू करायची आहे. इंटरनेटवरून चालणारी लाइन घ्यायचं ठरलं. पुरवठादाराने आवाज पाठवायचे तीन पर्याय पुढे ठेवले आणि तिन्हींना ‘एकदम क्लिअर’ म्हटलं. संचालक मंडळात कुणी म्हणतं पहिला बरा, कुणी म्हणतं सगळे सारखेच. अशा वेळी जो मोठ्याने बोलतो त्याचं मत खरं ठरतं, आणि पुढची पाच वर्षं राधानगरीच्या वाडीवरून फोन करणारा माणूस ‘काय म्हणालासा?’ विचारत बसतो.

हे मतभेद मोजून मिटवता येतात. पाठवलेल्या बोलण्याचा दर्जा ऐकणाऱ्याला कसा वाटतो हे मोजायची शिस्तशीर पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, ती १९९६ साली पी.८०० या शिफारशीत मांडली आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही तीच पायाभूत धरतात. तिला कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. एक शांत खोली, दोन बरे हेडफोन, एक लॅपटॉप, पंचवीस-तीस साधी माणसं आणि पुष्कळ चिकाटी एवढं पुरतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पालाही हे काम शोभेल. पुढची रीत त्याच हिशोबाने लिहिली आहे.

आधी प्रश्न नक्की करा

‘आवाज चांगला आहे का’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि ते एकाच चाचणीत कोंबले की एकाचंही उत्तर हाती लागत नाही.

पहिला प्रश्न दर्जाचा. ऐकणाऱ्याला तो आवाज कसा वाटला? हा लेख त्याबद्दल आहे.

दुसरा प्रश्न समजण्याचा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात फोनवरून कुणी पाण्याची पातळी कळवली, तर ऐकणाऱ्याने ‘एकोणचाळीस’ ऐकलं की ‘त्रेचाळीस’, यावर माणसं घर सोडायचं की नाही ते ठरवतात. तिथे आवाज गोड वाटला की नाही याला किंमत नाही. अशा कामासाठी श्रोत्याला ऐकलेलं लिहून काढायला लावायचं आणि किती शब्द बरोबर आले ते मोजायचं. दर्जाला बरे गुण मिळालेला आवाजही आकड्यांत घोटाळा करू शकतो. संस्थेच्या हेल्पलाइनवर फॅटचे आकडे आणि बिलाच्या रकमा सांगायच्या असतील, तर दर्जाच्या चाचणीसोबत आकड्यांची ही वेगळी चाचणी कराच असं मी आग्रहाने सांगेन.

तिसरा प्रश्न संवादाचा. आवाज उशिरा पोचला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. आयटीयूच्याच जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संवादाला अडचण येत नाही, आणि ४०० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ नये. नुसतं ऐकवून हा त्रास कळत नाही. त्यासाठी दोन माणसांना दोन खोल्यांत बसवून प्रत्यक्ष बोलायला लावावं लागतं.

तीन पद्धतींतली कोणती?

सगळ्यांत जास्त वापरली जाते ती थेट गुण द्यायची. श्रोता एक आवाज ऐकतो आणि पाचांतला एक शेरा निवडतो: उत्तम, चांगला, ठीकठाक, खराब, फारच खराब. हिशोबात त्यांना ५, ४, ३, २, १ असे गुण. सगळ्या श्रोत्यांची सरासरी म्हणजे मीन ओपिनियन स्कोअर, बोलीत एमओएस. पडद्यावर शब्द दाखवा, आकडे नकोत. आकडा दिसला की माणूस शाळेतल्या पेपरासारखे मार्क द्यायला लागतो.

दुसऱ्या पद्धतीत आधी मूळ स्वच्छ आवाज आणि मग बिघडलेला ऐकवतात. बिघाड जाणवला का आणि किती त्रासदायक वाटला, एवढंच विचारतात. सगळे पर्याय चांगलेच असतील आणि त्यांतला बारीक फरक शोधायचा असेल तर ही घ्या. तिसरीत दोन आवाजांची तुलना असते: दुसरा पहिल्यापेक्षा ‘खूप वाईट’पासून ‘खूप चांगला’पर्यंत, उणे ३ ते अधिक ३. गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर मूळ आवाज सुधारतं की बिघडवतं हे पाहायला ती उपयोगी. गोंगाटाच्याच कामासाठी २००३ ची पी.८३५ ही वेगळी शिफारस आहे. तीत बोलणं, मागचा गोंगाट आणि एकूण परिणाम यांचे गुण स्वतंत्र घेतात.

आपल्या दूध संस्थेसाठी पहिली पद्धत योग्य. उत्पादक फोनवर मूळ आवाज कधीच ऐकणार नाही, त्याला जे येईल तेच येईल. चाचणीतही तसंच असावं.

वाक्यं: इथे वेळ द्या

इंटरनेटवर इंग्रजी चाचणीवाक्यांच्या फायली तयार मिळतात आणि त्या उचलायचा मोह होतो. उचलू नका. ऐकणारा मराठी, बोलणं मराठी, तर वाक्यंही मराठीच हवीत. कारण मराठीतले काही आवाज फोन नेमके जिथे कमी पडतो तिथेच बसलेले आहेत.

जुन्या टेलिफोनचा पट्टा, म्हणजे त्यातून पार जाणाऱ्या बारीक-जाड कंपनांची मर्यादा, ३०० ते ३४०० हर्ट्झचा. ‘स’ या आवाजाची बरीचशी ऊर्जा याच्या वर असते. म्हणून अरुंद पट्ट्याच्या फोनवर ‘साठ’ आणि ‘आठ’ जवळ येतात आणि माणसं ‘साठ, सहावर शून्य’ असं फोड करून सांगतात. रुंद पट्ट्याचे कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत आवळून पाठवायच्या आणि पुन्हा उलगडायच्या रीती, ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातात, तिथे ‘स’ पुन्हा स्वच्छ होतो. म्हणजे तुमच्या वाक्यांत ‘स’, ‘श’ पुरेसे नसतील तर रुंद पट्ट्याचा फायदा चाचणीत दिसणारच नाही.

मग हकार. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरक क्षणभराच्या श्वासाचा. इंटरनेटवर आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, पाकिटांत, जातो. लागोपाठ दोन-तीन पाकिटं हरवली की तो श्वास गेलाच. त्याशिवाय ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चमचा’तला ‘च’. वाक्यांची यादी झाली की बाजूला तक्ता करा आणि प्रत्येक ध्वनी किती वेळा आला ते मोजा. रोजच्या मराठीत जे प्रमाण असतं त्याच्या आसपास यादी यायला हवी. निव्वळ ‘स’ने भरलेली वाक्यं केलीत तर चाचणी एका बाजूला झुकेल.

वाक्य दोन ते तीन सेकंदांत सहज म्हणता आलं पाहिजे, म्हणजे पाच ते सात शब्द. अशी:

छपराचा पत्रा वाऱ्याने खडखडत होता.
आजीने सकाळीच ज्वारी पाखडून ठेवली.
उसाची गाडी पुलाजवळ थांबली आहे.
शाळेच्या फाटकाशी सायकल उभी होती.

यांत कुणाचं नाव नाही, राजकारण नाही, हसू येईल असं काही नाही, आणि एक वाक्य ऐकून पुढचं ओळखता येत नाही. जोतिबा, अंबाबाई, रंकाळा, तालीम, कुस्ती हे शब्द मी मुद्दाम बाजूला ठेवतो. कोल्हापूरकराच्या मनात त्यांनी लगेच माया उठते आणि ती गुणांत उतरते. बातमीतलं वाक्य, कवितेची ओळ, म्हण हेही नको. म्हण अर्धी ऐकू आली तरी पुरी समजते.

दोन वाक्यांची जोडी, मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता, मिळून आठ सेकंदांची एक फाइल. दोन वाक्यांत अर्थाचा धागा नको.

बोलणारे आणि रेकॉर्डिंग

किमान चार जण घ्या, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. एकाच कोडेकचा परिणाम जाड आणि बारीक आवाजावर वेगळा होतो, त्यामुळे एकट्याच्या आवाजावर काढलेला निष्कर्ष त्या माणसापुरताच राहतो. बातम्यांच्या थाटात बोलणारे शोधू नका. हेल्पलाइनवर जे बोलणार आहेत त्यांच्यासारखी माणसं हवीत, त्यांचा कोल्हापुरी हेल असू द्या. मात्र वाक्य घरी चार वेळा वाचून यायला सांगा. अडखळलेलं वाक्य श्रोता फोनच्या खात्यात टाकतो.

खोली हा कोल्हापुरातला खरा डोकेदुखीचा भाग. उद्यमनगरात लेथ आणि प्रेस थांबेपर्यंत काही होणार नाही. राजारामपुरीत मंगल कार्यालयाचा बँड. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा विचारच सोडा. पी.८०० ही शिफारस सांगते की खोलीतला गोंगाट ३० डेसिबल-ए च्या खाली असावा आणि घुमण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत. पहाटेची वेळ, बंद खिडक्या, बंद पंखा आणि बंद फ्रीज, हे सगळं केलं तर त्याच्या जवळ जाता येतं. भिंतींवर वाकळा टांगा. जाड, जुन्या लुगड्यांच्या वाकळा घुमारा चांगला पितात. टाळी वाजवून पाहा: टाळीनंतर शेपूट ऐकू येत असेल तर अजून दोन वाकळा.

माइक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’चा वारा थेट लागत नाही. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट किंवा वर, वेव्ह फाइल. एमपी३ नको. त्यात आधीच एक कोडेक येऊन बसतो आणि तुमची मूळ फाइल मूळ राहत नाही. फोनमधलं रेकॉर्डिंग ॲपही नको, कारण बरेच फोन न विचारता गोंगाट दाबतात आणि आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतात.

पातळी एकसारखी करणं

जरासा मोठा आवाज माणसाला जरासा ‘चांगला’ वाटतो. म्हणून दोन कोडेकांच्या फायलींत दोन-तीन डेसिबलचा फरक राहिला, तर तुम्ही कोडेक मोजत नाही, आवाजाचा जोर मोजता.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘नॉर्मलाइज’ इथे पुरत नाही. ते सगळ्यांत उंच टोक पाहतं, बोलण्याचा खरा जोर पाहत नाही. पी.५६ या शिफारशीतली पद्धत मधल्या शांतता वगळून फक्त बोलण्याची पातळी मोजते. सगळ्या फायली त्या मापाने कमाल पातळीच्या २६ डेसिबल खाली आणून ठेवायची रीत आहे. त्यासाठीची साधनं जी.१९१ या शिफारशीसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संचात आहेत, गाळण्या आणि पुढे लागणारा कृत्रिम गोंगाटही त्यातच आहे. आज्ञावलीच्या काळ्या खिडकीत काम करावं लागतं, पण एक दिवस बसलं की हात बसतो.

पातळी दोनदा जुळवायची: कोडेकात घालण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर.

कोणकोणत्या स्थिती ऐकवायच्या

दूध संस्थेच्या उदाहरणात माझी यादी बारा स्थितींची होईल.

तीन कोडेक. १९७२ पासूनचा जी.७११, सेकंदाला ६४ किलोबिट, जुन्या लँडलाइनच्या दर्जाचा. जी.७२९, फक्त ८ किलोबिट, कमी इंटरनेट असलेल्या ठिकाणी पुरवठादार हाच पुढे करतात. तिसरा ओपस, २०१२ साली प्रमाणित झालेला, १६ किलोबिटला रुंद पट्ट्यात. हे तिन्ही एकदा निर्मळ लाइनवर आणि एकदा ३ टक्के पाकिटं हरवलेली असताना. झाल्या सहा. त्यात मूळ आवाज दोन प्रकारे, रुंद पट्ट्यात आणि अरुंद पट्ट्यात.

उरलेल्या चार स्थिती खऱ्या फोनच्या नसतात, तरी त्या गाळू नका. बोलण्याच्याच जोराबरोबर वरखाली होणारा गोंगाट मुद्दाम मिसळून त्या तयार करतात. रीत पी.८१० मध्ये आहे. बोलणं आणि हा गोंगाट यांतलं अंतर ८, १६, २४ आणि ३२ डेसिबल ठेवलं की फारच खराबपासून जवळजवळ स्वच्छपर्यंतच्या चार ठरलेल्या पायऱ्या मिळतात. त्यांचं काम मोजपट्टी ताणून धरण्याचं. गुळाच्या सौद्यात शेजारी काळपट रवे, म्हणजे ढेपा, असले की मध्यम रवाही पिवळाधमक दिसतो, तसंच कानाचं होतं. बाकीचे आवाज कसे आहेत यावर मधल्या आवाजाचे गुण हलतात. ठरलेल्या पायऱ्या प्रत्येक चाचणीत असल्या की हे हलणं निदान दिसतं तरी.

पाकिटं हरवण्याबद्दल एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. ३ टक्के म्हणजे आठ सेकंदांच्या ४०० पाकिटांतली १२. ती बारा दोन वाक्यांमधल्या शांततेत पडली तर श्रोत्याला काहीच कळणार नाही. एखाद्या शब्दाच्या सुरुवातीला सलग पडली तर शब्दच गिळला जाईल. दोन्हींचा टक्का तोच. त्यामुळे कोणतं पाकीट पाडलं याची नोंद फाइलवार ठेवा, आणि तिन्ही कोडेकांना हानीचा तोच साचा लावा. खऱ्या मोबाइल इंटरनेटवर पाकिटं सुटी सुटी न जाता झुंडीने जातात, तेव्हा जमलं तर झुंडीचा साचा वापरा.

मागचा गोंगाटही तपासायचा असेल तर तो इथलाच रेकॉर्ड करा: संकलन केंद्रावरच्या कॅनचा खणखणाट, स्टँडवरची केएमटी बस, महाद्वार रोडची संध्याकाळ. गोंगाट बोलण्यात मिसळायचा तो कोडेकाच्या आधी, नंतर नाही. फोनमध्ये तो बोलण्याबरोबरच कोडेकात शिरतो आणि कमी किलोबिटचा कोडेक त्याने चक्रावतो. गोंगाट घेतलात तर स्थिती दुप्पट होतील, तेव्हा दुसरी चाचणी वेगळी करा.

श्रोते कोण, कोण नकोत

आपल्याकडे कानसेनांची वाण नाही. देवल क्लब १८८३ पासून गाणं ऐकवतो आहे, उस्ताद अल्लादिया खाँ इथे दरबारात गायले. पण या कामाला कानसेन चालत नाही. गायक, साउंड सिस्टीमवाले, टेलिफोन खात्यातले लोक आवाजातलं असं काही पकडतात जे फोन वापरणारा कधी ऐकत नाही. पी.८०० ही शिफारसही हेच सांगते: श्रोता फोनच्या दर्जाच्या कामाशी संबंधित नसावा, गेल्या सहा महिन्यांत कुठल्याही अशा चाचणीला आणि गेल्या वर्षभरात श्रवणचाचणीला बसलेला नसावा, आणि ती वाक्यं त्याने आधी ऐकलेली नसावीत.

किमान २४ माणसं. स्त्रिया आणि पुरुष सारखे, वयं मिसळलेली. नुसते कॉलेजचे विद्यार्थी सहज मिळतात म्हणून त्यांच्यावर काम उरकू नका. हेल्पलाइनला फोन करणारा पन्नाशीचा शेतकरी असेल तर तोही खुर्चीत बसला पाहिजे. ऐकू कमी येतं का ते आधी विचारा, जमलं तर ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची यंत्रावरची तपासणी, करून घ्या. संस्थेचे कर्मचारी आणि संचालक मात्र बाहेर. चहा-नाष्टा आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. कशासाठी चाचणी आहे हे साध्या शब्दांत सांगा, संमती लिहून घ्या, पण कुठल्या कंपनीचे पर्याय आहेत हे सांगू नका.

आपल्या भागातली एक अडचण परदेशी शिफारशीत नाही. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस मान राखून सगळ्यालाच ‘चांगलं हाय की’ म्हणतो. तुम्ही समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असाल तर हमखास. म्हणून बटण दाबताना तुम्ही खोलीबाहेर किंवा त्याच्या पाठीमागे असा, उत्तरावर नाव नको, फक्त क्रमांक. आणि हे तुमचं काम नाही, यंत्राची परीक्षा आहे, हे आधी स्पष्ट सांगा.

ऐकवण्याचा दिवस

फोन एका कानाने ऐकतात, तेव्हा ऐकवणंही एका कानात ठेवता येतं. प्रमाण पातळी एका कानाला ७९ डेसिबल ध्वनिदाब, दोन्ही कानांत ऐकवलं तर ७३. ती नीट बसवायला कृत्रिम कान, म्हणजे हेडफोनचा आवाज मोजायचं कानासारखं यंत्र, लागतो, तो एखाद्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेतच मिळेल. नाही मिळाला तर मोबाइल ॲपवर भिस्त ठेवू नका. मध्यम, सहज ऐकू येणारी पातळी ठरवा, लॅपटॉप आणि हेडफोनचा मॉडेल लिहून ठेवा, आवाजाची कळ चिकटपट्टीने बांधून टाका, आणि अहवालात पातळी मोजलेली नाही असं लिहा. सगळ्यांना एकच पातळी मिळाली, तर तुमच्याच स्थितींची आपसांतली तुलना टिकते.

सूचना प्रत्येकाला शब्दशः तीच वाचून दाखवा. माझा मसुदा असा:

‘नमस्कार. हेडफोन लावल्यावर तुम्हाला एकेक करून आवाज ऐकू येतील. प्रत्येकात दोन छोटी वाक्यं आहेत. वाक्यांचा अर्थ काय याचा विचार करू नका. फोनवर असा आवाज आला तर तो तुम्हाला कसा वाटेल, एवढंच सांगा. आवाज थांबला की पाचांतलं एक बटण दाबा. यात बरोबर-चूक काही नाही. मागचा आवाज परत लावता येत नाही. काही अडलं तर आत्ताच विचारा.’

मग सरावाच्या सहा फायली, ज्यांत सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत वाईट स्थिती असते. म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं श्रोत्याला आधीच कळतात. सरावाचे गुण हिशोबात धरायचे नाहीत.

बारा स्थिती आणि चार आवाज, म्हणजे ४८ फायली. आठ सेकंद ऐकायला, पाच सेकंद बटण दाबायला, असं धरलं तर साडेदहा मिनिटांत काम होतं. वीस मिनिटांच्या वर माणूस कंटाळतो आणि बोट आपोआप ‘ठीकठाक’वर जातं. कुणालाही तेच वाक्य दोनदा ऐकवू नये, म्हणून ४८ जोड्या, एकूण ९६ वाक्यं लागतात. यादी करायला वेळ लागतो, लागू द्या.

क्रम प्रत्येक श्रोत्याला वेगळा. फार वाईट फाइलनंतर आलेली साधी फाइलही बरी वाटते, तेव्हा कुठलीही स्थिती ठराविक स्थितीच्या मागे लागून चालणार नाही. श्रोत्यांचे सहा-सहाचे चार गट करा आणि कुठलं वाक्य कुठल्या स्थितीत जातं ते गटागणिक फिरवा. नाहीतर एखादं अवघड वाक्य एकाच कोडेकाच्या वाट्याला येऊन त्याचा बळी जायचा.

आकड्यांचा हिशोब

एका आवाजावर, एका स्थितीत २४ मतं आली असं धरू: उत्तम ४, चांगला ११, ठीकठाक ७, खराब २, फारच खराब शून्य. बेरीज ८९, सरासरी ३.७१. प्रमाण विचलन, म्हणजे मतं सरासरीभोवती किती पसरली याचं माप, ०.८६. ते २४ च्या वर्गमुळाने भागलं की ०.१७५, आणि २.०७ ने (२४ मतांसाठी संख्याशास्त्राच्या तक्त्यातला आकडा) गुणलं की ०.३६. म्हणजे गुण ३.७१, अधिक-उणे ०.३६. ९५ टक्के विश्वासाने खरं उत्तर ३.३५ ते ४.०७ च्या मध्ये कुठेतरी आहे. अहवालात हा अधिक-उणेचा आकडा नसेल तर तो अहवाल मी वाचत नाही. ‘आमचा ३.७, त्यांचा ३.६’ याला काही अर्थ नाही.

प्रत्येक स्थितीला चार आवाज मिळून ९६ मतं होतात. पण ती ९६ माणसं नव्हेत. आधी प्रत्येक श्रोत्याच्या चार मतांची सरासरी काढा, मग त्या २४ सरासऱ्यांवर हिशोब करा. सरळ ९६ धरलं तर अधिक-उणे खोटं लहान दिसतं.

दोन कोडेकांची तुलना करताना दोघांचे अधिक-उण्याचे पट्टे एकमेकांवर चढलेले दिसले म्हणून ‘फरक नाही’ म्हणायची घाई नको. दोन्ही त्याच माणसांनी ऐकले आहेत. एखादा मुळातच हात आखडून गुण देतो, एखादा सढळ, तो फरक दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणून प्रत्येक श्रोत्याचा फरक काढा, आणि त्या २४ फरकांची सरासरी घ्या. समजा सरासरी फरक ०.२६ आणि फरकांचं विचलन ०.५. मग अधिक-उणे ०.२१ येतं, पट्टा शून्याला शिवत नाही, फरक खरा. कोणत्या जोडीची तुलना करायची ते मात्र चाचणीआधीच लिहून ठेवा. बारा स्थितींच्या ६६ जोड्या होतात. सगळ्या चाळत बसलात तर दोन-तीन ठिकाणी निव्वळ योगायोगाने ‘फरक’ सापडेलच.

सगळ्याला एकच शेरा देणारा, किंवा स्वच्छ मूळ आवाजाला सर्वांत वाईट पायरीपेक्षा कमी गुण देणारा श्रोता वगळायला हरकत नाही. वगळायचा नियम आधी ठरलेला हवा आणि किती वगळले ते सांगितलेलं हवं. निकाल पाहून माणसं गाळणं ही लबाडी आहे.

आवाजागणिक तक्ताही काढा. एखादा कोडेक पुरुषी आवाजावर ३.९ आणि बायकांच्या आवाजावर ३.३ देत असेल, तर ते सरासरीत बुडून जातं, आणि हेल्पलाइनवर उत्तर देणाऱ्या मुलीच असतील तर निर्णय त्याच आकड्यावर फिरतो.

घरबसल्या चाचणी आणि यंत्राचे गुण

सगळ्यांना एका खोलीत आणणं शक्य नसेल तर २०१८ च्या पी.८०८ मध्ये इंटरनेटवरून चाचणी घ्यायची रीत आहे. खोली आणि हेडफोन तुमच्या हातात नसतात, म्हणून मध्ये मध्ये पारख करणाऱ्या फायली पेरतात: ‘आता खराब हे बटण दाबा’ असं सांगणारी एखादी, किंवा उत्तर उघड आहे अशी एखादी. तिथे चुकलेल्याची मतं बाजूला. माझ्या मते वाड्यावस्त्यांवरच्या माणसांसाठी खोलीतली चाचणीच खरी. ऑनलाइन बसायला जो तयार होतो, त्याचा फोन आणि नेटवर्क आधीच चांगलं असतं.

सॉफ्टवेअरने गुण काढायच्याही पद्धती आहेत. २००१ ची पेस्क आणि २०११ ची पोल्का मूळ आणि बिघडलेली फाइल शेजारी ठेवून एमओएसचा अंदाज देतात. जी.१०७ मधलं ई-मॉडेल उशीर, हानी, कोडेक यांच्या आकड्यांवरून शंभरपैकी गुण काढतं, सगळी मूल्यं मूळ ठेवली तर ९३.२ येतात. लाइन रोज तपासायला ही साधनं उत्तम, माणसं रोज कुठून आणणार? पण ती सगळी माणसांच्याच मतांवर घासून बसवलेली आहेत. पेस्कला उशीर आणि प्रतिध्वनीचा त्रास मोजता येत नाही. म्हणून आधी माणसांची एक पक्की चाचणी घ्या, त्याच फायली सॉफ्टवेअरला द्या, आणि दोघांचा क्रम जुळतो का पाहा. जुळला तर पुढची वर्षभराची देखरेख यंत्रावर सोपवा.

अहवालात काय हवं

संचालक मंडळापुढे एक पान पुरे: प्रश्न, बारा स्थितींचे गुण अधिक-उण्यासह, आणि आधी ठरवलेल्या तुलनांचा निकाल. त्याच्या मागे जोडपत्रात वाक्यांची यादी, बोलणाऱ्यांचं लिंग आणि वय, खोली, माइक, हेडफोन, ऐकण्याची पातळी, श्रोत्यांची वयं आणि संख्या, वगळलेले किती आणि का, वाचून दाखवलेली सूचना शब्दशः, हानीचे साचे. गुण दुसऱ्या कुठल्या चाचणीतल्या गुणांशी थेट ताडू नका हेही लिहा. वेगळी माणसं, वेगळ्या स्थिती, तेव्हा तिथला ३.७ आणि इथला ३.७ एक नव्हे.

मूळ रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झचीच, दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुरवठादार नवा कोडेक घेऊन आला की नवी माणसं बोलवायची, पण वाक्यं, त्या चार ठरलेल्या पायऱ्या आणि सूचना याच वापरायच्या. पायऱ्यांचे गुण दोन्ही वर्षी जवळपास सारखे आले, तर नव्या कोडेकाचा आकडा जुन्यांशेजारी मांडता येईल. नाही आले, तर जुने तीन कोडेकही पुन्हा ऐकवावे लागतील.